मिक्सर न्यायला आलेला मुलगा "खोका नाही" म्हणून तसाच गेला. रिटर्नबद्दल कायदा नक्की काय म्हणतो?

रानजाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. जरा लांबण लागेल पण पूर्ण वाचा आणि माहिती असेल तर नक्की सांगा, मला खरंच गरज आहे.

आईसाठी ऑनलाइन मिक्सर मागवला. ३,२४९ रुपये, दोन वर्षांची वॉरंटी, रिटर्नची मुदत सात दिवस. ती साताऱ्यात एकटी असते, मी पुण्यात. पहिले दोन दिवस चटणी, दाण्याचं कूट झकास झालं. चौथ्या दिवशी इडलीचं वाटण लावलं तर दोन मिनिटांत जळका वास आणि खालून धूर, आई घाबरून बटण बंद करायच्या ऐवजी आधी गॅलरीत पळाली. मी त्याच संध्याकाळी अ‍ॅपवर "वस्तू सदोष" हे कारण निवडून रिटर्न टाकलं, लगेच मंजूर पण झालं, परवा पिकअप असा मेसेज आला.

तो मुलगा आला, मोबाईलमध्ये बघून एकेक विचारत गेला. जार तीन आहेत का, आहेत. सिरियल नंबर जुळतो का, जुळतो. कंपनीचा खोका? तर खोका आईने आदल्या आठवड्यातच कापून मांडणीवर धान्याच्या डब्यांखाली घातलेला. तिने ते पुठ्ठे काढून आणून दाखवले हो त्याला! तो म्हणाला मावशी, असं चालत नाही, आणि गेला. दुसऱ्या दिवशी मला मेसेज, "तुमच्या विनंतीवरून रिटर्न रद्द करण्यात आले आहे." माझ्या विनंतीवरून?? मी कुठे विनंती केली? त्यानंतर कस्टमर केअरवर चार वेळा फोन केला, प्रत्येक वेळी उत्तर एकच, मुदत संपली मॅडम, सर्व्हिस सेंटरला न्या.

ज्या वस्तूतून चौथ्या दिवशी धूर निघतो ती दुरुस्त करून का वापरायची? आणि खोका ठेवणं हे ग्राहकाचं कर्तव्य आहे असं कायद्यात कुठे लिहिलंय का?

सुपारीफुटली

अगदी सेम झालं माझ्याबरोबर, हेडफोन होते. मी सोडून दिलं. तुम्ही सोडू नका.

घाटवाट

रानजाई, सोडू नका असंच मी पण म्हणेन. मी गेली काही वर्षं ग्राहक चळवळीत तक्रारी लिहून द्यायचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे आपल्याकडे "आवडलं नाही म्हणून परत" असा हक्क कायद्याने दिलेला नाही. अ‍ॅपवर सात दिवस, दहा दिवस जे दिसतं ती त्यांची पॉलिसी, त्यांनी स्वतःहून दिलेली सवलत. पण वस्तू सदोष निघाली की विषय पॉलिसीचा राहतच नाही, तो कायद्याचा होतो, आणि लोक नेमके इथेच फसतात कारण कस्टमर केअरवाला दोन्ही गोष्टी एकाच सुरात बोलतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून. त्यानंतर तीनच दिवसांनी, २३ जुलै २०२० ला ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यातल्या नियम ६ मध्ये स्पष्ट आहे की माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल किंवा सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा आला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. (उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तर ती सूट आहे.) यात खोक्याची अट नाही. स्वतः माल साठवून विकणाऱ्या कंपन्यांना हेच बंधन नियम ७ ने घातलंय. शिवाय मूळ कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, त्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं हीसुद्धा अनुचित प्रथा धरलीय.

आता तुमच्या केसमधली जमेची बाजू. तुम्ही चौथ्या दिवशी रिटर्न टाकलं, म्हणजे मुदतीत टाकलं. ते त्यांनी मंजूर केलं. रद्द त्यांच्या माणसाने केलं. त्यामुळे "मुदत संपली" हे उत्तर टिकत नाही. मंजुरीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आत्ताच्या आत्ता काढून ठेवा, आणि तो "तुमच्या विनंतीवरून" वाला पण, तो तर सोन्यासारखा आहे.

आणि हात जोडून सांगतो, मिक्सर गल्लीतल्या वायरमनला उघडायला देऊ नका. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या कोर्टात) गेलं आणि कंपनीने दोष नाकारला तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची तरतूद आहे. एकदा स्क्रू उघडले की ते म्हणणार तुम्हीच बिघडवला.

रानजाई

बापरे, आई शेजारच्या काकांना दाखवणारच होती. आत्ता फोन करून सांगितलं. स्क्रीनशॉट दोन्ही आहेत.

दोनचाकी

मी हेच काम करतो म्हणून लिहितोय. भिवंडी साइडला तीन वर्षं झाली, आधी डिलिव्हरीला होतो आता पिकअप जास्त असतात.

ताई, त्या पोराला शिव्या देऊ नका. आमच्या हातात मोबाईल असतो, त्यात क्यूसीचे म्हणजे माल तपासायचे प्रश्न येतात, हो किंवा नाही. एका प्रश्नाला नाही दाबलं की पुढचं पान उघडतच नाही, पिकअप आपोआप रद्द होतो. कारण लिहायला जागा नाही, "मशीन जळलंय पण खोका नाही" असं सांगायची सोयच नाही. यादीतून एक कारण निवडायचं, त्यात पहिलं असतं कस्टमरने कॅन्सल केलं. लई पोरं तेच दाबतात कारण बाकीचं काही दाबलं की दुसऱ्या दिवशी तोच पिकअप परत आपल्याच गळ्यात येतो. हे चुकीचं आहे हे मला माहिती आहे.

आणि खोटं हो दाबून उचललं तर? हबला म्हणजे कंपनीच्या गोदामाला माल गेला की तिथं परत चेकिंग होतं. तिथं अडकला की पैसे पिकअपवाल्यावर. माझ्या एका दोस्ताचे एका मोबाईलपायी दोन महिने पगारातून कापले. पिकअप झाला तर पैसे, नाही झाला तर पेट्रोल आपलं. चौथ्या मजल्यावर जाऊन नाही ऐकून खाली यायचं, हे दिवसात सहा सात वेळा होतं.

एक काम करा, पुढच्या वेळी पोरगा दारात असतानाच त्याच्या स्क्रीनचा फोटो मागा. देतात. कुठल्या प्रश्नाला अडकलं ते त्यात दिसतं.

रानजाई

दोनचाकी भाऊ, मनापासून धन्यवाद. खरं सांगते, मी त्याच्यावर फोनवर चिडले होते. आई उलट म्हणत होती की अगं तो घामाने निथळत होता, पाणी प्यायला आणि सॉरी म्हणाला. तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं की "तुमच्या विनंतीवरून" कुठून आलं.

पायताण_कोल्हापूर

आता जरा आमची पण बाजू ऐका मंडळी. आमचं कोल्हापुरी चपलांचं घरचं काम, वडील आणि चुलते करतात, मी ऑनलाइनचं बघतो. तुम्ही सगळे म्हणताय विक्रेत्याने परत घ्यायलाच पाहिजे, आणि सदोष असेल तर घ्यायलाच पाहिजे, त्यात आमचं दुमत नाही. टाका उसवलेला निघाला तर मी विचारत पण नाही, दुसरा जोड पाठवतो.

पण परत येणाऱ्या दहा जोडांत सदोष एखादाच असतो. बाकी साइझ आणि "घालून बघितली, शोभली नाही". लग्नसराईत तर विचारू नका, जोड जातो आणि आठवड्याने परत येतो तेव्हा तळाला हळद आणि अक्षता चिकटलेल्या असतात. साडेसहाशेची चप्पल, जायचा यायचा खर्च मिळून दीडशेच्या आसपास आमच्यावर पडतो. आणि पावसाळ्यात चामडं वीस वीस दिवस कुठल्या तरी हबमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पडून असतं. परवा एक पोतं आलं, उघडलं तर कुबट वास, नऊ जोडांवर हिरवी पांढरी बुरशी. वडील एकेक जोड घेऊन फडक्याने पुसत बसले, नंतर तेल लावलं, दोन दिवस सावलीत ठेवले, तरी चार गेलेच. ते विकायचे कसे? नवे म्हणून पाठवले तर ती ग्राहकाची फसवणूक.

आणखी एक. एका बॉक्समध्ये आमचा जोडच नाही, जुनी रबरी स्लीपर. क्लेम टाकला, उत्तर आलं व्हिडिओ अपुरा आहे. ह्यासाठी मी कुठे जायचं? ग्राहक आयोग माझ्यासाठी आहे का?

घाटवाट

पायताण भाऊ, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ग्राहक या शब्दाच्या व्याख्येतून (कलम २(७)) पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या गोष्टी वगळल्यात. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला एक अपवाद आहे, पण तो त्याने विकत घेऊन स्वतः वापरलेल्या वस्तूंबद्दल आहे, उदाहरणार्थ तुम्ही शिलाई मशीन घेतलं आणि ते खराब निघालं तर. प्लॅटफॉर्मची सेवा तुम्ही धंद्यासाठी घेताय, त्यामुळे त्या भांडणात ग्राहक आयोगाचा दरवाजा तुम्हाला जवळपास बंदच. तुमचं नातं करारावर चालतं आणि करार त्यांनी लिहिलेला. मला स्वतःला हे अन्यायाचं वाटतं, कारण नियम ६ ची सगळी जबाबदारी कायदा विक्रेत्यावर टाकतो पण ट्रक, हब, पिकअप, क्यूसी यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. माल उशिरा पोचला तरी परत घ्यायचं बंधन तुमच्यावर, आणि उशीर कुणी केला?

तुम्ही करण्यासारखं म्हणजे पॅकिंग आणि रिटर्न उघडणं दोन्हीचा सलग, न कापलेला व्हिडिओ, ज्यात एडब्ल्यूबी नंबर (पार्सलवरचा कुरियरचा नंबर), सील आणि वजनकाटा एकाच फ्रेममध्ये दिसेल. आणि परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) वेळेत काढा. आर्थिक वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबरपर्यंत (वार्षिक विवरणपत्र आधी भरलं तर तोवरच) जीएसटीत ती दाखवता येते, नंतर भरलेला कर गेला तो गेलाच.

पायताण_कोल्हापूर

वजनकाट्याचं लक्षात आलं नव्हतं बघा. रबरी स्लीपरचं वजन आणि आमच्या जोडाचं वजन यात तिपटीचा फरक आहे. उद्यापासून चालू करतो.

र्‍हाईनकाठ

जर्मनीतून लिहितेय, अकरा वर्षं इथे आहे. इथे नेमकं उलटं आहे. युरोपियन युनियनच्या २०११ च्या निर्देशाप्रमाणे ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. या हक्काचा जर्मन शब्द इथल्या लोकांच्या तोंडात इतका बसलाय की सासूबाई आल्या होत्या त्यासुद्धा महिन्याभरात "विडररूफ" म्हणायला लागल्या. दुकानदाराने १४ दिवसांत पैसे द्यायचे, पहिल्यांदा पाठवायचा साधा डिलिव्हरी खर्च पण परत द्यायचा, फक्त वस्तू हातात येईपर्यंत किंवा पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत तो थांबू शकतो. परत पाठवायचं पोस्टेज मात्र ग्राहकावर टाकता येतं, बऱ्याच कंपन्या टाकत नाहीत तो भाग वेगळा. आणि पायताण भाऊंच्या हळदीच्या चपलांसारखं वापरून परत केलं तर किंमत कमी झाली तेवढी कापायचा हक्क दुकानदाराला आहे. हे मला बरोबर वाटतं, दोन्हीकडचा विचार आहे.

पण याची दुसरी बाजू मी जवळून बघितलीय. माझ्या मैत्रिणीने एका गोदामात रिटर्न तपासायचं काम केलं. ती सांगायची, एका ड्रेसला काही सेकंद. वास घ्यायचा, काखेत डाग बघायचा, टॅग लावायचा, पुढचा. जे धुवून इस्त्री करून परत विकण्यापेक्षा फेकणं स्वस्त पडतं ते फेकलं जायचं. म्हणून जर्मनीने २०२० मध्ये कचऱ्याच्या कायद्यात बदल करून परत आलेला माल वापरण्याजोगा राखायची जबाबदारी घातली. आणि आता युरोपियन युनियनचा नियम आहे की १९ जुलै २०२६ पासून मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि बूट चपला नष्ट करता येणार नाहीत, त्यात परत आलेला माल पण धरलाय. एक हक्क दिला की त्याच्या मागे गोदामात काय साठतं हे कळायला इथल्या लोकांना पण बरीच वर्षं लागली.

सुपारीफुटली

दुकानात पाटी असते ना, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही", तिचं काय? लग्नाची साडी घेतली, घरी येऊन उलगडली तर पदराजवळ विणीत बोटभर चीर. दुकानदाराने न बोलता पाटीकडे बोट केलं.

घाटवाट

पाटीने कायदा बदलत नाही. रंग आवडला नाही म्हणून बदलून मागितलात तर दुकानदार नाही म्हणू शकतो, चीर म्हणजे दोष, तिथे ती पाटी दाखवून सुटता येत नाही. बिल बघा, मुदत छापलेली नसेल तर तुमच्याकडे ३० दिवस आहेत. आणि बिल दिलंच नसेल तर तीसुद्धा वेगळी अनुचित प्रथा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहकांचा कायदा पण नव्हता, तो आला १९८६ ला. इतकी वर्षं गेली तरी पाटी आहेच, कारण आपण बोट दाखवलं की गप्प घरी येतो.

कुकरचीशिट्टी

धागा छान चाललाय म्हणून एक भर. परत न्यायचं काम प्रत्येक वेळी ग्राहकानेच मागायचं असं नाही, सरकारसुद्धा हुकूम देऊ शकतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला कलम २० खाली धोकादायक माल बाजारातून परत बोलवायचा अधिकार आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी अ‍ॅमेझॉनला आदेश दिला होता, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) सक्तीच्या मानकात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर साइटवरून विकले गेले, त्या सगळ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, आणि वर १ लाख दंड. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पण विचार करा, २,२६५ स्वयंपाकघरं शोधून काढायची, कुणी तो कुकर बहिणीला दिला असेल, कुणी गावाला नेला असेल. विकताना एक क्लिक, परत आणताना अख्खा देश पालथा.

मी हे मनावर घेतलं कारण आमच्याकडे लहानपणी कुकरचा व्हॉल्व्ह उडाला होता, आजीच्या हातावर तो डाग शेवटपर्यंत होता.

आणि परत आलेला माल नवा म्हणून विकणं, त्याची पण दखल आहे कायद्यात. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी आहे असं भासवणं कलम २(४७) मध्येच अनुचित प्रथा आहे. त्यामुळे सील फाटलेलं असेल, चार्जरची वायर आधी कुणीतरी गुंडाळून ठेवल्यासारखी दिसली तर फोटो काढा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. घाटवाट, आता क्रम सांगा ना, आधी कुठे लिहू? आणि साताऱ्याला करायचं की पुण्याला?

घाटवाट

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. नाव आणि संपर्क साइटवर देणं सक्तीचं आहे, अगदी तळाला बारीक अक्षरात असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात निकाली काढायचं. ईमेल छोटा ठेवा, तारखा घाला, "सदोष वस्तू, नियम ६ प्रमाणे परतावा" हे शब्द घाला, राग घालू नका. विक्रेत्याचं नाव पत्ता पण मागा, तो दाखवणं साइटला बंधनकारक आहे.

त्याच्या जोडीला १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते.

नाहीच झालं तर जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केलीय, तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार टाकता येते, कंपनी बंगळूरची असो नाहीतर गुडगावची. तुमच्या नावावर ऑर्डर असेल तर पुण्याला टाका. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरून भरता येतं, तक्रार टाकायची मुदत दोन वर्षांची. वेळ लागतो हे खोटं नाही सांगणार, निकालाला कायद्यात तीन महिने लिहिलेत पण बऱ्याचदा त्याहून पुष्कळ जास्त लागतात.

रानजाई

अपडेट. ईमेल टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी नुसती पोच आली, तिकीट नंबरसकट. १९१५ वर पण केली तक्रार. सहाव्या दिवशी फोन आला की पिकअप परत लावतोय, साध्या खोक्यात दिला तरी चालेल. म्हणजे चालत होतंच!

काल तोच मुलगा आला. आईने वाण्याकडून बिस्किटाचा रिकामा खोका आणून ठेवला होता, त्यात मिक्सर, तिन्ही जार, आणि ते कापलेले पुठ्ठे सुद्धा घडी करून घातले. दोनचाकी भाऊ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिने त्याच्या स्क्रीनचा फोटो काढला, या वेळी खोक्याचा प्रश्नच आला नाही यादीत. जाताना त्याने पावती दिली आणि म्हणाला मावशी, मागच्या वेळचं मनावर घेऊ नका.

रिफंड अजून यायचाय, पाच ते सात दिवस सांगितलेत. आला की इथेच लिहिते.

दोनचाकी

पावतीवरचा नंबर जपून ठेवा ताई. हबला पोचल्याचा मेसेज तीन दिवसांत नाही आला तर तोच नंबर टाकून परत १९१५ ला लावा.